५९०००१ : बेळगावच्या पिनकोडच्या पोटात काय आहे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सुट्टी लागली की माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच काम देतो : आपल्या गावाचा पिनकोड घ्या आणि फोडून आणा. फोडणे म्हणजे त्याचे मूळ अवयव पाडणे. वडगावातल्या आमच्या ओसरीवर दहा-बारा मुलं बसतात. कुणी शहापूरचं, कुणी येळ्ळूरचं, तर कुणी आजोळी आलेलं खानापूरचं. त्यांनी घरी जाऊन सांगितलं, घरच्यांनी मला विचारलं, मग जुने विद्यार्थीही फोन करू लागले. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. मुख्य संख्या आपली ५९०००१, बेळगाव मुख्य टपाल कार्यालयाची.

पिनकोड ही संख्या तरी आहे का? तो तर नुसता पत्त्याचा तुकडा.

टपालखात्याच्या लेखी तुकडाच. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि त्यामागं डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकरांचं. दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी, म्हणजे आपलाच मराठी माणूस. पहिला अंक विभागाचा. ५ म्हटलं की कर्नाटक, आंध्र, तेलंगण. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. पोस्टमन काही त्याची बेरीज-वजाबाकी करत नाही.

पण सहा अंक ओळीनं लिहिले की पाच लाख नव्वद हजार एक ही पूर्ण संख्या आपोआप तयार होतेच. ती ३ नं भागली जाते की नाही, हे टपालखात्यानं ठरवलेलं नाही आणि कुणाला बदलताही येणार नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं, पाट्या बदलल्या, पिन तोच राहिला. आणि तो बदलला असता तरी ५९०००१ या संख्येचे अवयव तेच राहिले असते.

एवढी मोठी संख्या कशाला? मुलांना शंभरच्या आतलं द्या की.

मोठी कसली? आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. २ चा १३६२७९८४१ वा घात, वजा १. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. त्यापुढं आपले सहा अंक म्हणजे अंगणातलं चिंचेचं रोप. पण शिकायला हाच आकार बरा. पाढ्यांवर भागत नाही, डोकं चालवावं लागतं, आणि तरी एका संध्याकाळी वहीत संपतं.

५९०००१ मूळ संख्या आहे का?

(काही पुस्तकांत मूळ संख्येला अविभाज्य म्हणतात. एकच.)

नाही. ५ + ९ + ० + ० + ० + १ = १५, आणि १५ ला ३ नं भाग जातो, म्हणजे संख्येलाही जातो. हे सहावीतलं पोर सांगेल. भागाकार येतो १९६६६७. खरी झटापट इथून पुढं, आणि इथं मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. ते सांगतोच.

१९६६६७ मूळ आहे की नाही, हे पाहायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. ४४३ चा वर्ग १९६२४९ आणि ४४४ चा १९७१३६, म्हणजे ४४३ ला थांबायचं. ४४३ धरून तिथवर ८६ मूळ संख्या आहेत. वर्गमूळापर्यंतच का? कारण त्याहून मोठा अवयव असेल तर त्याचा जोडीदार वर्गमूळाच्या अलीकडं सापडायलाच हवा.

मी फळ्यावर सुरुवात केली. ७ नं भागून बाकी २. ११ नं ९. १३ नं ३. १७ नं ११. मुलं आळीपाळीनं भागाकार करत होती आणि मी बाक्या लिहीत होतो. १०७ ला बाकी १ उरली तेव्हा सगळी ओसरी हळहळली. क्रिकेटमध्ये नव्याण्णववर बाद झाल्यावर हळहळतात तशी. दीडशे ओलांडलं, एकशे ऐंशी ओलांडलं. १९१ नं भागलं, बाकी १२८. एवढ्यात लाइट गेली. अंधारात खडू खाली ठेवताना मी म्हणालो, "आता काही जायचं नाही, मूळच आहे ही." आणि लाइट आल्यावर तसं फळ्यावर लिहूनही टाकलं, १९६६६७ मूळ.

दुसऱ्या दिवशी येळ्ळूरची एक मुलगी चप्पल काढता काढताच म्हणाली, "सर, एकशे त्र्याण्णवनं जातंय की."

वही उघडली. १९३ × १०१९ = १९६६६७. बाकी शून्य. घरी कंदिलाएवढ्या उजेडात तिनं मी सोडलेल्या जागेपासून पुढं फक्त एक भागाकार केला होता.

मग मी हिशोब केला. १९१ ही ४३ वी मूळ संख्या. ८६ पायऱ्यांच्या जिन्यावर मी नेमका मध्यावर बसून वर माडी नाही असं जाहीर केलं होतं. त्यात १९१ आणि १९३ या जुळ्या मूळ संख्या, म्हणजे दोघींत फक्त २ चं अंतर. एका बहिणीच्या घरी जाऊन दुसरीच्या दारातून परत आलो होतो. फळ्यावरचं ते वाक्य मी त्या मुलीकडूनच पुसून घेतलं.

१९३ मूळ आहे. १०१९ सुद्धा मूळ आहे (३१ पर्यंत तपासा, पुरे). म्हणून :

५९०००१ = ३ × १९३ × १०१९

मग या प्रकारच्या संख्येला काय म्हणतात?

तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा, प्रत्येकी एकेकदाच घेतलेला गुणाकार म्हणजे स्फेनिक संख्या. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ पाचर. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतात ती. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही वेगळ्या, तसे तीन अवयव वेगळे. मी मुलांना सरळ "पाचर संख्या" म्हणूनच सांगतो, लक्षात राहतं. सर्वांत लहान पाचर ३० : २ × ३ × ५.

पाचरीचे विभाजक कायम आठच. आपल्या संख्येचे १, ३, १९३, ५७९, १०१९, ३०५७, १९६६६७ आणि ५९०००१. उलट मात्र खरं नाही. २४ चेही आठ विभाजक आहेत, पण तिथं २ तीनदा येतो, म्हणून ती पाचर नव्हे. परीक्षेत मुलं नेमकी इथं घसरतात.

या आठ विभाजकांतून एक गंमत निघते. लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून ५९०००१ मिळवायचे सात मार्ग आहेत. १ सोडून प्रत्येक विषम विभाजकाचा एक, आणि इथं सगळेच विभाजक विषम. २९५००० + २९५००१ हा सोपा मार्ग. १९६६६६ + १९६६६७ + १९६६६८ दुसरा. मला आवडतो तो हा : ७० पासून १०८८ पर्यंतच्या सगळ्या संख्या मिळवा. त्या १०१९ आहेत, मधली ५७९, आणि बेरीज बरोबर बेळगाव. १ पासून सुरुवात केली तर मात्र जमत नाही. १ ते १०८५ ची बेरीज ५८९१५५ आणि १०८६ पर्यंतची ५९०२४१, म्हणजे आपली संख्या मध्येच राहते. ती त्रिकोणी संख्या नाही.

४४ भागाकार न करता अवयव काढायची युक्ती आहे का?

आहे, आणि ती मला त्या लाइट गेलेल्या संध्याकाळी आठवायला हवी होती.

विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहिता आली की काम झालं. क² − ख² म्हणजे (क + ख) × (क − ख). ही पद्धत फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं शिकवतात, सतराव्या शतकातली. आपल्याकडं नारायण पंडितानं १३५६ च्या 'गणितकौमुदी'त विभाजक काढायला हीच वाट धरली आहे, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं आधी.

५९०००१ चं वर्गमूळ ७६८ च्या किंचित पुढं. म्हणून ७६९ पासून सुरू करायचं : वर्ग करायचा, त्यातून ५९०००१ वजा करायचे, उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का पाहायचं. ७६९ ला उरतात १३६०. शेवटी एकच शून्य, म्हणजे पूर्ण वर्ग असूच शकत नाही. ७७० पाहायची गरजच नाही. आपल्या संख्येला ४ नं भागून बाकी १ उरते, त्यामुळं क विषमच असला पाहिजे. ७७१ ला ४४४०, नाही. असं विषम आकड्यांवर उड्या मारत गेलं की सोळाव्या उडीला ७९९ येतो. ७९९ चा वर्ग करायला कागदही लागत नाही. ८०० चा वर्ग ६४००००, त्यातून १६०० गेले, १ मिळवला, ६३८४०१. वजा ५९०००१ केले की ४८४००. हा २२० चा वर्ग!

७९९ + २२० = १०१९ आणि ७९९ − २२० = ५७९. ५७९ च्या अंकांची बेरीज २१, ३ नं भागा, १९३ हातात. सोळा उड्या.

हे मुलांना मी कात्रीनं करून दाखवतो. वह्यांना कव्हर घालायच्या खाकी कागदाचे पट्टे चिकटवून ७९९ मिलिमीटर बाजूचा चौरस कापायचा, म्हणजे ८० सेंटिमीटरला एक मिलिमीटर कमी. त्याच्या कोपऱ्यातून २२ सेंटिमीटरचा चौरस काढून टाकायचा. उरलेल्या तुकड्याचं एक अंग ५७९ लांब, २२० रुंद असं बाहेर आलेलं असतं. ते कापायचं आणि फिरवून उरलेल्या आयताच्या टोकाला चिकटवायचं. तयार होतो १०१९ बाय ५७९ चा आयत, क्षेत्रफळ बरोबर ५९०००१ चौरस मिलिमीटर. वडगाव-शहापुरात मागाच्या घरांतली मुलं हे चटकन करतात, मापात कापणं त्यांच्या डोळ्यात असतं. एकदा कागद चिकटवताना मिलिमीटरभर चढला आणि आयताचं एक टोक तिरकं झालं, तेव्हा एका मुलाने वडिलांच्या थाटात सांगितलं, "किनार गेली सर."

शेजारच्या संख्यांचं काय?

शेजारी असले तरी स्वभाव किती वेगळा असतो, हे इथं बघावं. ५९०००२ = २ × ७ × १७ × ३७ × ६७. पाच मूळ अवयव आणि बत्तीस विभाजक! शहापूरचा ५९०००३ = ४३ × १३७२१, दोनच मूळ अवयव. म्हणजे ओळीनं तीन, पाच, दोन. यामागं काही नियम शोधू नका.

खानापूर ५९१३०२ = २ × ४१ × ७२११, तीही पाचर. आजोळच्या मुलाला हे कळलं तेव्हा तो दिवसभर बेळगावकरांशी बरोबरीनं बोलत होता. निपाणी ५९१२३७ = ३ × ३ × १७९ × ३६७. इथं ३ दोनदा आला, पाचर मोडली. एवढ्या थोड्या फरकानं जात बदलते.

हद्दीपलीकडचं चंदगड ४१६५०९ = ३७ × ११२५७. बेळगाव आणि चंदगड यांच्यात १ सोडून एकही विभाजक सामाईक नाही. अशा जोडीला सहमूळ संख्या म्हणतात. बेळगाव-निपाणीत मात्र ३ सामाईक.

दोन वर्गांची बेरीज करून ५९०००१ मिळेल का?

नाही मिळणार, आणि हे एकही आकडा न चाचपता सांगता येतं. नियम असा : ४ नं भागल्यावर बाकी ३ उरते असा एखादा मूळ अवयव विषम वेळा आला, तर ती संख्या दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. आपल्याकडं असे दोन आहेत, ३ आणि १०१९. गंमत म्हणजे या दोघांच्या बाक्या एकमेकींना झाकतात आणि पूर्ण संख्येला ४ नं भागून बाकी १ च उरते. वरवर पाहणारा फसतो. म्हणून बाहेरचा चेहरा बघून चालत नाही, अवयव पाडावेच लागतात.

एकटा १९३ सरळ आहे : १४४ + ४९, म्हणजे १२² + ७². त्याच्या जोरावर ५९०००१ ही काटकोन त्रिकोणाच्या कर्णाची लांबी होऊ शकते, बाजू २९०४१५ आणि ५१३५७६. आणि तीन वर्ग वापरायची मुभा दिली तर काम सोपं : ७६४² + ७९² + ८². पडताळून बघा.

परिपूर्ण संख्या आहे का ही?

नाही. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच भरते ती. इथं ती बेरीज २०१५१९ येते. संख्येच्या जवळपास एक तृतीयांश. अशांना न्यून संख्या म्हणतात. ५९०००२ ला तर एवढे विभाजक, तरी बेरीज ५२६२८६ वरच थांबते, तीही न्यूनच.

कापरेकरांच्या खेळात ही संख्या टाकली तर?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेतले शिक्षक. अंकांच्या खेळांतून जगभर नाव झालं. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, पुन्हा तेच करा. सगळे अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि तिथंच थांबते.

सहा अंकांना असा एकच मुक्काम नाही. ५९०००१ घ्या. ९५१००० − ०००१५९ = ९५०८४१. पुढं ९७०८२१, ९७४४२१, ८४९९४२, ७५३५४३, आणि सहाव्या वेळी ४२०८७६. इथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुढची वजाबाकी केली की पुन्हा ४२०८७६. सात गावांची फेरी, सिटी बससारखी. बेळगाव त्यात एकदा चढलं की उतरत नाही. काही सहा अंकी संख्या मात्र ५४९९४५ किंवा ६३१७६४ वर जाऊन कायमच्या थांबतात.

कापरेकरांच्या बाकीच्या कसोट्या पटकन. हर्षद संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भागली जाणारी. आपली बेरीज १५, आणि शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून हर्षद नाही. स्वयंभू संख्या म्हणजे जिला जनक नाही अशी. आपल्याला जनक आहे : ५८९९६२, तिच्या अंकांची बेरीज ३९, दोन्ही मिळून ५९०००१. एकुलता एक जनक. उलटी करून मिळवली तर ५९०००१ + १०००९५ = ६९००९६, एका फटक्यात दोन्हीकडून सारखी वाचता येणारी. आणि ही उलटी १०००९५ सुद्धा पाचरच निघते : ३ × ५ × ६६७३.

कापरेकरांना डोंबिवली (तेव्हाचं डेम्लो) स्टेशनवर काही संख्या सुचल्या, त्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं. स्वयंभू संख्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. गावाचं नाव संख्येला द्यायची ही रीत मला फार भावते. आपण उलटं करतोय, संख्येवरून गावाला ओळखतोय.

संगणक ही संख्या कशी लिहितो?

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून : १००१ ०००० ०००० १०११ ०००१. वीस जागा, त्यात सहा एक. एकांची संख्या सम असली की इंग्रजी गणितज्ञ तिला 'ईव्हिल' म्हणतात, विषम असली की 'ओडियस'. सम-विषमाच्या इंग्रजी शब्दांवरची ती कोटी आहे. तेव्हा बेळगाव दुष्ट ठरतं, वाईट वाटून घेऊ नये.

बारकाईनं बघणाऱ्यांसाठी : शेवटच्या आठ जागांत १७७ बसले आहेत. आणि ५९०००१ मधून ७६८ चा वर्ग वजा केला तरी १७७ च उरतात. हा योगायोग नाही. ७६८ म्हणजे ३ × २५६, त्याचा वर्ग ९ × ६५५३६, आणि ९ म्हणजे द्विमानात १००१. डावीकडचे चार अंक तेच आहेत.

पत्त्यात एक शून्य गाळलं तर?

पत्र उशिरा येईल. माझं आलं होतं. गणितात मात्र अद्भुत घडतं. ५९००१ = ३ × ७१ × २७७, पाचर. आणखी एक शून्य गाळा : ५९०१ = ३ × ७ × २८१, पुन्हा पाचर! तिसरं गाळलं की ५९१ = ३ × १९७, इथं मोडतं. तिघींत ३ असणार हे उघड आहे, शून्य गाळून अंकांची बेरीज बदलत नाही. पण उरलेल्या भागाचे प्रत्येक वेळी बरोबर दोनच तुकडे पडावेत, याला कारण नाही. नुसती मौज.

अंकांची बेरीज १५, म्हणजे ६. हा शुक्राचा अंक ना? शुभ आहे का?

६ म्हणजे ९ नं भागल्यावर उरणारी बाकी. बस्स.

पहिला अंक ५ च्या जागी ४ असता तर? (हा प्रश्न विचारणारे हसत हसत विचारतात, पण विचारतात.)

समजलं कुठून आला ते. सीमाभागात ४ आणि ५ हे नुसते अंक नाहीत. १९५६ पासून घराघरात बोललं गेलंय त्यावर. पण मी गणिताचंच उत्तर देतो. ४९०००१ म्हणजे ७०० चा वर्ग अधिक १. दोन वर्गांची बेरीज, जी आपल्या संख्येला कधीच जमणार नाही. ३ नंही भाग जात नाही, अंकांची बेरीज १४. एक अंक हलला आणि स्वभाव सगळा पालटला. आणि टपालाच्या हिशोबानं महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ नं सुरू होतात. ४९०००१ ला पत्र टाकलंत तर ते छत्तीसगडात भिलाईला जाईल.

मुलं घरी मराठी, बाहेर कन्नड बोलतात. संख्यांत गोंधळ होत नाही का?

होतो, आणि नेमका १९३ पाशी होतो. मराठीत त्र्याण्णव म्हणताना आधी तीन, मग नव्वद. कन्नडमध्ये तोंबत्तमूरु, आधी नव्वद मग तीन, लिहितो त्याच क्रमाने. मराठीत ऐकून घाईनं लिहिणारं पोर १३९ लिहितं. त्यावर उपाय आमच्या ओसरीवर आपोआप निघाला : अंक मराठीत सांगायचा आणि शंका आली की कन्नडमध्ये पुन्हा. "एकशे त्र्याण्णव, नूरा तोंबत्तमूरु." पूर्ण पिन मात्र दोन्हीकडं सारखाच चालतो. पाच लाख नव्वद हजार एक, ऐदु लक्षद तोंबत्तु साविरद ओंदु. शेवटच्या एकाला दोन्ही भाषांत एकटंच सोडलंय.

याचा व्यवहारात उपयोग काय?

या एका संख्येचा काही नाही. अवयव पाडणं अवघड आहे, या गोष्टीचा मात्र फार. इंटरनेटवर बँकेचे व्यवहार गुप्त ठेवणारी आरएसए पद्धत यावरच उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगाला उघड सांगायचा, अवयव मात्र स्वतःकडं ठेवायचे. शहापूरच्या ५९०००३ चा घाट तसाच, दोन मूळ संख्यांचा, फक्त फारच छोटा. द्विमानात तो वीस जागांत बसतो, खऱ्या कुलपाला आज साधारण २०४८ जागा लागतात, म्हणजे ६१७ अंकी संख्या. २५० अंकांची एक आव्हान-संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली, तीही खूप संगणक एकत्र राबवून.

दहावीला हे येईल का?

प्रश्न म्हणून नाही. कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हा मूलभूत सिद्धांत मात्र येतो, लसावि-मसावि येतात. बेळगाव-निपाणीचा मसावि ३, एवढं तोंडी आलं तरी खूप.

शून्यं गाळली तसं एक वाढवलं तर? ५९००००१ सुद्धा पाचरच का?

हे काम तुमच्यासाठी ठेवलंय. ३ नं जातं, उरतात १९६६६६७. वर्गमूळ १४०२ च्या थोडं पुढं. भागत बसायचं की वर्गांच्या उड्या मारायच्या, ते तुम्ही ठरवा. लाइट गेली तर वहीत कुठवर आलात तेवढं लिहून ठेवा.